नाव, हुद्दा, बक्कल नंबर

स्वामी समर्थांच्या पुण्यतिथीला अक्कलकोटात वटवृक्ष मंदिराच्या रस्त्यावर माणूस माणसाला चिकटून चालतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी, रांग वळते त्या कोपऱ्यावर, बंदोबस्तावरचा एक तरुण शिपाई घसा बसेपर्यंत "मागे सरा, मागे सरा" असे ओरडत होता. एका वृद्ध बाईंना त्याचा धक्का लागला. त्यांनी मान वर करून विचारले, "नाव काय रे बाळा तुझं?" त्याने छातीवरच्या पट्टीकडे बोट दाखवले. "मला कुठं वाचाय येतंय," बाई म्हणाल्या. तेव्हा त्याने नाव सांगितले, गाव सांगितले. गाव याच तालुक्यातले, निम्मे कानडी बोलणारे निघाले आणि बाईंच्या माहेराजवळचे. त्यानंतर "मागे सरा"चे "मावशी, जरा मागं व्हा" झाले.

प्रसंग एवढाच. पण त्या बाईंनी जो प्रश्न इतक्या सहज विचारला, तो विचारण्याचा आणि त्याचे उत्तर चारचौघांत सांगण्याचा अधिकार नागरिकाला असावा की नाही, यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत देशोदेशींच्या कायदेमंडळांत कडाक्याचे वाद झाले आहेत. ब्रिटनने २००८ च्या दहशतवादविरोधी कायद्याने, पोलीस अथवा सैनिक यांच्याविषयीची दहशतवाद्यास उपयोगी पडेल अशी माहिती मिळवणे वा प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरवला. फ्रान्समध्ये २०२० साली सत्ताधारी पक्षाच्या खासदारांनी जो सुरक्षाविषयक कायदा मांडला, त्याच्या चोविसाव्या कलमानुसार कर्तव्यावरील पोलिसाचा चेहरा वा ओळख पटेल असा तपशील त्याला अपाय करण्याच्या हेतूने प्रसृत केल्यास एक वर्षाची कैद होणार होती. लोक रस्त्यावर उतरले; कलमाची शब्दरचना बदलण्यात आली; आणि मे २०२१ मध्ये तेथील घटना परिषदेने ती बदललेली तरतूदही संदिग्ध म्हणून रद्द केली. अमेरिकेच्या सिनेटमध्ये २०२५ साली, तपासात अडथळा आणण्याच्या हेतूने केंद्रीय अधिकाऱ्याचे नाव जाहीर करणाऱ्यास शिक्षा देणारे विधेयक मांडले गेले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने नेमका उलटा कायदा केला: कर्तव्यावर असताना अधिकाऱ्याने तोंड झाकायचे नाही.

आपल्याकडे असा सरळ नाव घेऊन आलेला कायदा नाही. तो का नाही, याचा विचार करताना आम्ही प्रथम न्यायालयाकडे वळलो आणि मग, व्यवसायाच्या सवयीने, भाषेकडे. न्यायालयाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. त्या शिपायाच्या छातीवरची पट्टी हा केवळ गणवेशाचा दागिना नव्हे. कोठडीतील मृत्यूंविषयी १९८६ साली सरन्यायाधीशांना गेलेल्या एका पत्रातून 'डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य' हा खटला उभा राहिला आणि १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसाठी अकरा नियम घालून दिले. त्यांतला पहिलाच नियम असा की, अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव व हुद्दा अचूक, ठळक आणि स्पष्ट दिसला पाहिजे. फौजदारी प्रक्रिया संहितेत तो ४१-ब या कलमाने आला, तेही थेट २०१० मध्ये. आणि जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६ व्या कलमात आहे. त्याआधी पोलिसाला होता तो बक्कल नंबर. नंबर लक्षात ठेवायला अक्षरओळख लागते आणि मार खाताना तेवढी सवड असावी लागते!

आता भाषा. वाचकांनी कोणतेही मराठी वर्तमानपत्र उघडून गुन्ह्यांच्या बातम्यांचे पान पाहावे. संशयिताचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वय, आणि 'रा.' या अक्षरापुढे पेठ व गाव. पुराव्याचा पत्ता नसला तरी माणसाचा पत्ता असतो. त्याच बातमीत पोलीस कसा येतो? 'लाठीमार करण्यात आला.' 'जमाव पांगवण्यासाठी हवेत गोळीबार करण्यात आला.' 'संशयितास ताब्यात घेण्यात आले.' प्रकरण अंगाशी आले तर 'संबंधित कर्मचाऱ्याची चौकशी करण्यात येईल' आणि कोणी काही सांगितलेच तर ते 'नाव न छापण्याच्या अटीवर'. '-ण्यात आले' ही कर्त्याला घराबाहेर उभी करणारी रचना. तिच्यात क्रिया असते, कर्म असते, कधी 'सौम्य' असे विशेषणही असते; हात तेवढे कोणाचे नसतात. शाळेत आपण प्रयोग ओळखायला शिकवतो, परंतु या प्रयोगाचा उपयोग कोणाला होतो हे शिकवत नाही. सरकारी मराठी घडत असताना इंग्रजी टिपणांच्या साच्यातून ही रचना फोफावली, असे आम्हांस वाटते. ती रुळल्यावर नाव घेण्यास बंदी करणारा कायदा हवाच कशाला?

कारण त्याआधीची मराठी अशी नव्हती. पुण्याच्या कोतवालाचे नाव आज सव्वादोनशेहून अधिक वर्षांनीही प्रत्येकाला ठाऊक आहे. घाशीराम सावळदास याने ऑगस्ट १७९१ मध्ये तेलंग ब्राह्मणांना कोंडून घातले, त्यांतले वीसएक जण गुदमरून मेले, आणि ३१ ऑगस्ट रोजी चिडलेल्या जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचून मारले. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ साली त्याच्या नावाचे पुस्तक लिहिले. तेंडुलकरांचे नाटक १९७२ साली रंगभूमीवर आले. त्या नाटकावर जे वादळ उठले ते नाना फडणविसांच्या नावावरून, हे विसरू नये. कोतवालाचे नाव शीर्षकात होते, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. शिपायाचे नाव घ्यावे, कारभाऱ्याचे घेऊ नये, ही आपली जुनी रीत. (आजही निलंबित होतो तो हवालदार.)

परंतु घाशीरामाच्या कथेत दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे, तो लपवून चालणार नाही. ज्याचे नाव शहराच्या तोंडी झाले त्याला शहराने न्यायसभेपुढे उभे केले नाही, दगडांनी मारले. नाव जाहीर झाले की दगड येतात, हे नाव झाकू पाहणाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. १८९७ चे पुणेही तेच सांगेल. प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड याचे नाव घराघरांत गेले आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत त्याच्यावर गोळी झाडली गेली. 'केसरी'तील त्या आठवड्यांतल्या लेखनाबद्दल टिळकांना सप्टेंबरमध्ये राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली, हे सर्वश्रुत आहे. आम्हांला त्या वर्षातली अधिक बोलकी वाटते ती टिळकांची शिक्षा नव्हे, गोखल्यांची माफी.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे सांगितले की, घरझडतीच्या वेळी गोऱ्या सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले व त्यांपैकी एकीने जीव दिला. 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये ते छापून आले, पार्लमेंटात प्रश्न झाले, मुंबईचे गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी इन्कार केला. जुलैअखेर गोखले मुंबईस उतरले तेव्हा त्यांच्यापुढे मागणी एकच होती: पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगा, पुरावा द्या. पत्रलेखकांना उघडे पाडायला ते तयार नव्हते. पुढे येऊन साक्ष द्यायला कोणी तयार नव्हते. आणि ज्या स्त्रियांविषयी हे होते त्यांच्या घरच्यांनी तोंड उघडणे तर त्या काळात कल्पनेपलीकडचे. ऑगस्टच्या आरंभी गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. तिचा डाग त्यांना पुढे कित्येक वर्षे वागवावा लागला.

या साऱ्या प्रकरणात कोणाकोणाची नावे मागितली गेली ते पाहावे. पत्र लिहिणाऱ्याचे नाव, बाईचे नाव, साक्षीदाराचे नाव, आरोप करणाऱ्याचे नाव. सोजिराचे नाव कोणी मागितले नाही, आणि मागितले असते तरी कोण सांगणार होते? डरहॅम लाइट इन्फंट्रीची माणसे टोळ्यांनी घरात शिरत. दाराशी उभ्या असलेल्या कुटुंबाला ती एकसारखीच दिसत. ज्याला नाव नाही त्याच्यावर आरोप सिद्ध होत नाही, आणि सिद्ध न झालेला आरोप ज्याने केला त्याचे नाव मात्र छापून येते. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने राजद्रोहाचे कलम रुंदावले आणि दंडसंहितेत १५३-अ हे नवे कलम घातले. नावे घेण्यावर बंदी त्यांत कुठे नव्हती. तिची गरजच उरली नव्हती.

अक्कलकोटचे लोक यावर म्हणू शकतील की हे झाले इंग्रजी मुलखातले. आमच्याकडे भोसल्यांचे राज्य होते. खरेच आहे. अक्कलकोट मार्च १९४८ पर्यंत संस्थान होते, त्याचे फौजदार-शिपाई दरबारचे. परंतु संस्थानी कारभाराला इंग्रजी कायद्याचे कवच होते आणि ते जास्तच जाड होते. १९१० चा मुद्रण कायदा १९२२ साली रद्द झाला, तेव्हा त्यात संस्थानिकांना असलेले संरक्षणही गेले. ते परत देण्यासाठी आणलेले विधेयक मांडू देण्यासही मध्यवर्ती विधिमंडळाने नकार दिला. व्हाइसरॉय रेडिंग यांनी आपल्या खास अधिकारात ते मंजूर करून घेतले. संस्थानिक किंवा त्याच्या राज्याचा 'कारभार' यांच्याविषयी द्वेष वा तुच्छता पसरवणारे लेखन ब्रिटिश हिंदुस्थानात छापणाऱ्याला त्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. सोलापूरच्या एखाद्या संपादकाने चाळीस किलोमीटरवरच्या फौजदाराचे नाव घेऊन काही छापायचे म्हटले, तर 'कारभार' या शब्दाची व्याप्ती किती, याचा विचार त्याला आधी करावा लागला असता.

आणि सोलापुरात स्वतःच्या फौजदाराबद्दल? गांधीजींना अटक झाली ५ मे १९३० रोजी. ८ मे रोजी सोलापुरात गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण पडला. जमावाने पोलीस चौकीवर हल्ला केला, पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत पेटली. १२ मे पासून जूनअखेरपर्यंत शहरात लष्करी कायदा होता. त्याच काळात, ३० मे रोजी, व्हाइसरॉयने दोन वटहुकूम काढले. त्यांपैकी एकाने सरकारी नोकराला त्रास देणे आणि त्याच्यावर बहिष्कार टाकणे हा गुन्हा ठरवला: त्याला घर भाड्याने न देणे, माल न विकणे, त्याचे काम न करणे. आम्हांला हा वटहुकूम फार अर्थपूर्ण वाटतो. वाण्याने धान्य नाकारायचे तर समोरच्याला ओळखावे लागते. पुण्यातल्या सोजिराला नाव नव्हते. गावच्या पोलिसाला होते, घर होते, मुले होती, आणि सगळ्यांना ती ठाऊक होती. सरकारला भीती वाटली ती छापलेल्या नावाची नव्हे, या ओळखीची. ही भीती आणि आजच्या विधेयकांमागची भीती एकाच जातीची आहे, फक्त आज गाव जगाएवढे झाले आहे.

मारल्या गेलेल्या पोलिसांबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि 'गझनफर'चे संपादक कुर्बान हुसेन या चौघांवर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. सोलापूरकर ही चार नावे एका दमात घेतात. चौकात त्यांचे पुतळे आहेत. गोळी कोणाच्या बंदुकीतून सुटली हे सांगताना मात्र आपली पाठ्यपुस्तके 'पोलिसांनी गोळीबार केला' एवढ्यावर थांबतात. आणि ज्यांच्या खुनासाठी चार माणसे फासावर चढली ते पोलीस? त्यांची नावे त्या चौकात कोणी घेत नाही. ते कोणाचे तरी मुलगे होते, बहुधा मराठी किंवा कानडी बोलणारे, अल्प पगाराचे. 'पोलीस' या समूहनामाने गोळी झाडणाऱ्याला लपवले तसे मेलेल्यालाही पुसले. नाव झाकण्याने पोलिसाचे रक्षणच होते, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने नाव झाकण्याची एक तरतूद आपण केली आणि ती योग्य होती. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदाशिक्षकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रातून देशव्यापी चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. त्याच दुरुस्तीने २२८-अ कलम आले: अत्याचारग्रस्त स्त्रीची ओळख प्रसिद्ध करायची नाही. तोपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. कायद्याच्या ग्रंथांत त्या खटल्याच्या शीर्षकात पोलिसाचे नाव आहे, 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. लोक मात्र त्याला आजही त्या मुलीच्या नावाने ओळखतात. आम्ही ते इथे लिहीत नाही.

अलीकडची हत्यारे वेगळी आहेत. वर्धा जिल्ह्यात २०१८ साली पोलीस ठाण्यातील बोलणे मोबाइलवर चित्रित केल्याबद्दल एका नागरिकावर गुन्हा दाखल झाला, तो १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली, म्हणजे हेरगिरीसाठी केलेल्या कायद्याखाली! नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला: त्या कायद्यातील 'प्रतिबंधित ठिकाणां'च्या व्याख्येत पोलीस ठाणे येत नाही. पाथर्डीच्या अशाच प्रकरणात औरंगाबाद खंडपीठाने २०२४ मध्ये तेच सांगितले. दोन वर्षांत तीच गोष्ट दोनदा सांगावी लागली, यावरून ठाण्यांत निकाल किती वाचले जातात ते कळते.

तरीही आम्ही सरसकट उघडेपणाच्या बाजूचे नाही. गडचिरोलीत सी-६० पथकातल्या स्थानिक तरुणांची कुटुंबे माओवाद्यांच्या भीतीने गाव सोडून गेली, हे वास्तव आहे. तिथे नाव प्रसिद्ध होणे आणि जीव जाणे यांत अंतर कमी होते. घरचा पत्ता, मुलांची शाळा, बायकोचा फोन नंबर हे कोणाच्याच हाती पडू नये, आणि त्यासाठी कायदा करायचा तर तो पोलिसापुरताच का, शिक्षिकेसाठीही असावा. फ्रान्सने चोविसावे कलम पडल्यावर त्याच वर्षी साधारण तसेच केले: धोक्यात घालण्याच्या हेतूने खासगी तपशील उघड करण्याची बंदी सर्वांसाठी. पण कर्तव्यावर असताना अंगावर असलेले नाव खासगी नसते. ते गणवेशाइतकेच जनतेचे असते. घरी गेल्यावर गणवेशासारखेच ते खुंटीला टांगता यावे, एवढी सोय त्याला हवी.

नावाचा आणखी एक खास मराठी पेच २०२५ साली बीडमध्ये दिसला. सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर २०२४ मधील खुनानंतर जिल्ह्यात जातीय तेढ इतकी वाढली की पोलिसाच्या आडनावावरून तपासाची दिशा ठरवली जाऊ लागली. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नामपट्ट्यांवर फक्त पहिले नाव ठेवण्याचा निर्णय घेतला. हेतू चांगला, आणि आडनाव वाचून माणूस मोजणाऱ्या आमच्यासारख्यांना चपराक बसावी असा. शंका एवढीच येते की बसू निकालाला हवी असलेली ओळख पहिल्या नावाने 'अचूक' होते काय? बक्कल नंबर त्या नावाशेजारी ठळकपणे परत आणला, तर जातही कळणार नाही आणि माणूसही हरवणार नाही.

देसाईगंजच्या खटल्याचे शीर्षक आम्ही वर दिले. त्यातल्या हवालदाराचे शीर्षकात फक्त पहिलेच नाव आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवणाऱ्या आणि मरणोत्तर अशोकचक्र मिळालेल्या सहायक उपनिरीक्षकांचे पहिले नावही तुकाराम. त्यांना आपण ओंबळे या आडनावासह ओळखतो. दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिनी, राज्यात आणि देशात वर्षभरात कामी आलेल्या पोलिसांची नावे संचलनात मोठ्याने वाचून दाखवली जातात. वाचणारा अधिकारी सावकाश वाचतो, हुद्दा आधी, मग नाव.